वर्तमानपत्रावरचे चार वायसर

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी आजोबांची परीक्षा घेतली. धाकटीने विचारलं, "आजोबा, माझा वाढदिवस कधी असतो?" थोरल्याने विचारलं, "आज वार कोणता?" आजोबा म्हणाले, "तुमच्याकडचा का आमच्याकडचा?" तुम्ही हसलात. फोन बंद झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरं मला तपासून राह्यली काय गं?"

तुमचा यात दोष नाही. फेब्रुवारीत मीच घाबरून तुमच्या बाबांना फोन केला होता की यांना विसरायला होतंय. ते तुमच्यापर्यंत पोचलं. पुढे काय झालं ते मात्र पोचलं नाही, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं आणि त्यातली चूक माझी होती. स्वतःची चूक फोनवर सांगताना माणूस ती लहान करून सांगतो. कागदावर तसं करता येत नाही, निदान मला तरी नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि क्रमाने लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर मी तेच शिकवलं. पण तुमच्या आजोबांचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. कुठे अडलं तर आईला विचारा.

गाडी तुम्ही पाहिली आहे. मागच्या खेपेला थोरल्याने टाकीवर बसून फोटो काढला होता, तीच. मरून रंगाची मोटारसायकल, दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर असलेली. किकची आणि गियरची दांडी एकच. ती उभी करून किक मारायची आणि इंजिन सुरू झालं की तीच पुढे पाडून गियर टाकायचा. आजोबांनी ती इथल्याच, जालन्यातल्या मस्तगडच्या एका कापडवाल्याच्या मुलाकडून जुनीच घेतली, तुमच्या बाबांच्या जन्माआधी. ते तेव्हा शेतकी खात्यात होते आणि अंबड तालुक्यातली खेडी त्यांच्याकडे होती. खेड्यातली माणसं आवाजावरून ओळखायची की साहेब आले. पुढे ती गाडी बनायची बंद झाली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा त्यांनी अंबडच्या भंगारवाल्याकडून तसलीच दुसरी गाडी टेम्पोत घालून आणली. ती कधीच चालू झाली नाही. ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली असते आणि पहिलीला लागेल तसा एकेक भाग देते.

आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी कुठून तरी त्या गाडीच्या इंग्रजी मॅन्युअलची फोटो-प्रत मिळवली. त्यांची शाळा जिल्हा परिषदेची. माझं शिक्षण हैदराबादेत मामांकडे राहून इंग्रजी शाळेत झालेलं. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप ठरली. मागच्या ओसरीवर ते गाडी उघडून बसत आणि मी खुर्चीवर बसून मॅन्युअल वाचत असे. एक वाक्य वाचायचं, त्याचं मराठी सांगायचं, ते काम होईपर्यंत थांबायचं, मग पुढचं. मी मध्येच काही सुचवलं की ते म्हणायचे, "मॅडम, पुस्तकात काय लिहिलंय तेवढं सांगा. तुमचं मत नंतर."

म्हणून मग मी माझं मत पुस्तकात घालायला लागले. "काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत," असं मी एकदा गंभीरपणे वाचलं.

"असं लिहिलंय?"

"लिहिलंय."

"कंपनी मोठी नेमाची दिसते," असं म्हणून ते उठले आणि हात धुऊन आले. तेव्हापासून आजतागायत धुतात. असं मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. त्यांना हे अजून माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

त्यांचा स्वतःचाही एक नियम होता आणि तो पुस्तकातल्या सगळ्या नियमांच्या वर होता. गाडी उघडायची तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं. जो भाग पहिल्यांदा निघेल तो डाव्या टोकाला, त्याच्या उजवीकडे दुसरा, मग तिसरा. जोडताना उजव्या टोकापासून उलट यायचं. "जे शेवटी निघालं ते आधी बसतं, डोक्याला तरास न्हाई," असं ते सांगायचे. वर्तमानपत्र मराठीच लागायचं. माझं इंग्रजी वर्तमानपत्र तेल पीत नाही अशी त्यांची जुनी तक्रार आहे. त्या कागदाला कोणी हात लावायचा नाही. तुमचे बाबा रांगायला लागले तेव्हा ओसरीच्या दाराला फळी ठोकली होती, ती त्यांच्यासाठी नव्हती, कागदासाठी होती.

मला पसारा सहन होत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण इतकी वर्षं मी तो कागद सहन केला.

या वर्षी संक्रांतीच्या आधी गाडीच्या डाव्या बाजूने खरखर यायला लागली. तिथे झाकणाच्या आत एक चेन असते आणि क्लच असतो. संक्रांत झाल्यावर आजोबांनी झाकण उघडलं, क्लचच्या प्लेटा काढल्या, त्यामागचा वाटीसारखा ड्रम काढला, आणि ड्रमच्या मागे-पुढे बसणाऱ्या पोलादी चकत्या काढल्या. दुकानात त्यांना वायसर म्हणतात. चार वायसर होते. चारही सारख्याच गोलाईचे, फक्त जाडी वेगवेगळी, आणि तोही फरक नखाएवढा. हे सगळं कागदावर रांगेत लागलं. चेन घासली गेली होती. तिच्या जागी घालायला ताडपत्रीखालच्या गाडीची चेन काढून धुऊन ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ते पुतण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला अंबडला गेले. मुक्काम होता.

त्याच दिवशी संध्याकाळी आपल्याकडे हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या पंचवीस-तीस बायका यायच्या होत्या. तिळगुळाने हात चिकट होतात, मग बायका हात धुवायला मागच्या नळावर जातात. नळाचा रस्ता ओसरीतून. आणि ओसरीत काळं, तेलाने भिजलेलं वर्तमानपत्र पसरलेलं, त्याचं तेल फरशीवर उतरलेलं. कोणाचं तरी नवं नऊवारी त्यात लोळणार हे मला दिसत होतं.

मी सगळं आवरून टाकलं नाही. मला नियम माहीत होता. मी फक्त कागद बदलला. आधी नवं वर्तमानपत्र भिंतीलगत अंथरलं, आणि जुन्यावरचा एकेक भाग उचलून, पुसून, त्याच क्रमाने नव्यावर ठेवला. झाकण, स्प्रिंगा, प्लेटा, ड्रम. फार काळजीने केलं. फरशी सोड्याने पुसली. सगळं झाल्यावर उभी राहून पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी दारावर पहिली बाई आली.

दुसऱ्या दिवशी आजोबा परत आले. स्वच्छ कागद पाहून म्हणाले, "कोणी हात लावला?"

"मी फक्त कागद बदलला. जसं होतं तसंच ठेवलंय."

"बराबर तसंच?"

"अहो, मी शाळेत चाळीस वर्षं हजेरीपटावर नावं क्रमाने लावली. चौदा वस्तू लावता येणार नाहीत का?"

"तेही खरंय," ते म्हणाले. बाळांनो, हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

त्यांनी उजव्या टोकापासून सुरुवात करून दोन दिवसांत गाडी जोडली. किक मारली, पहिल्या फटक्यात सुरू झाली. पण गियर टाकला तशी क्लच दाबलेला असताना गाडी उडी मारून पुढे गेली आणि तुळशीवृंदावनापाशी बंद पडली. क्लच सुटत नव्हता, म्हणजे दाबला तरी इंजिन चाकाला मोकळं सोडत नव्हतं. आजोबांनी तार ताणून पाहिली, ढिली करून पाहिली. मग पुन्हा झाकण उघडलं, सगळं कागदावर रांगेत काढलं, तपासलं, पुन्हा त्याच रांगेने बसवलं. तीच उडी. तिसऱ्यांदा उघडलं. पुन्हा तेच.

जुन्या जालन्यातले त्यांचे गाडीदुरुस्तीचे मिस्त्री आले. वय यांच्याएवढंच. आता दुकान मुलं बघतात आणि हे दारात स्टुलावर बसून नव्या गाड्यांना नावं ठेवतात. त्यांनी गाडीला कान लावला, क्लच दाबून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, प्लेटा थकल्या. नव्या टाका, बिलकुल बराबर होईल."

"उघडून बघता का?"

"आपने उघडी ना? मंग मी काय बघू? तुमच्या हातावर भरोसा है आपना."

नव्या प्लेटा आल्या. चौथ्यांदा उघडली. गाडीने चौथ्यांदा उडी मारली.

त्या दिवशी आजोबा गाडीवरून उतरले आणि पायरीवर बसून राहिले. हात धुवायलाही उठले नाहीत. मी पाणी घेऊन गेले.

"काहीतरी राहून जातंय माझ्याकडून," ते म्हणाले. "काय ते ध्यानात येत न्हाई. डोळे झाकून जोडत होतो ही गाडी."

"होईल. उद्या बघा."

"दादाचं असंच झालं होतं."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. शेवटच्या चार वर्षांत ते स्वतःच्या मुलांची नावं विसरले होते. सुरुवात झाली ती बैलांना जू बांधताना. रोजचं काम, आणि एक दिवस कासरा हातात घेऊन उभे राहिले, पुढे काय करायचं ते सुचेना. आजोबा तेव्हा शेजारी होते. ते चित्र त्यांच्या मनातून कधी गेलं नाही हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी ते तोंडाने कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

त्यानंतर ते बदलले. किल्ली कुठे ठेवली हे पुन्हा पुन्हा बघायचे. बाजारातून आले की पिशवीतल्या वस्तू मनात मोजताना मला दिसायचे. मी म्हटलं, मॅन्युअल काढते, मी वाचते, तुम्ही जोडा. तर म्हणाले, "राहू दे. आता पुस्तकातून काय शिकू?" इतक्या वर्षांत मॅन्युअल नको म्हणण्याची ही पहिली वेळ. त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाबांना फोन केला आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

हायवेवर नवं हॉटेल काढणारा एक तरुण गृहस्थ दोन वर्षांपासून गाडी मागत होता. त्याला ती भिंतीवर टांगायची होती. त्याने आपल्या पहिल्या हॉटेलातले फोटो फोनवर दाखवले होते. जुन्या गाड्या भिंतीला लटकवलेल्या, हेडलाइटच्या जागी पिवळा बल्ब, खाली लोक पनीर खातायत. आजोबांनी दरवेळी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. या वेळी त्यांनी आपणहून फोन लावला आणि रविवारी बोलावलं.

मी म्हटलं, "एवढी काय घाई?"

"जी गाडी मला जोडता येत न्हाई ती माझी कशी?" ते म्हणाले. "रोज बघावं लागतं तिच्याकडं. नको."

मी वाद घातला नाही. मला गाडीची काळजी नव्हती. गाडी गेल्यावर हा माणूस सकाळी उठून काय करेल याची होती.

शुक्रवारी दुपारी त्यांनी ती पाचव्यांदा उघडली. जोडण्याची आशा नव्हती. "देताना झाकणाचे पेच तरी सरळ बसवून देऊ, न्हाईतर म्हणतील येड्यानं जोडली," एवढंच. मी शेजारी हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. ते काढत होते आणि कागदावर ठेवत होते, झाकण, स्प्रिंगा, प्लेटा. मग वायसर. काही न बघता, सवयीने, निघेल तसा एकेक.

मी सोलता सोलता तिकडे पाहिलं. सगळ्यात पातळ वायसर डावीकडे, मग त्याहून थोडा जाड, मग त्याहून जाड, आणि सगळ्यात जाड उजवीकडे.

वहीत आपलं अक्षर ओळखू यावं तशी मी ती रांग ओळखली. या घरात लहानाकडून मोठ्याकडे जाणारी प्रत्येक रांग माझ्या हातची आहे. फळीवरचे डबे, ताटाळ्यातली ताटं, तुमच्या बाबांच्या जुन्या वह्या. हळदीकुंकवाच्या दिवशी ते चार वायसर पुसायला मी एकत्र हातात घेतले होते. पुसून झाल्यावर कागदावर ठेवताना माझ्या बोटांनी ते जाडीप्रमाणे लावले. मी ठरवून केलं नाही. विचार करून केलं असतं तर केलंच नसतं.

आणि मग सगळं मला कळलं. आजोबांनी आठवणीवर भरवसा ठेवलाच नव्हता, कागदावर ठेवला होता, जसा जन्मभर ठेवला. माझ्या चुकीच्या रांगेने त्यांनी गाडी जोडली. पुढच्या वेळी उघडली तेव्हा तीच रांग बाहेर निघाली आणि तीच आत गेली. चार वेळा त्यांनी माझी चूक अगदी नेमाने, एकही वायसर इकडचा तिकडे न करता, परत बसवली.

घाटे तसेच ठेवून मी आत गेले. कपाटातून मॅन्युअल काढलं. क्लचच्या पानावरचं चित्र फिकट झालंय, पण भिंगाखाली दिसतं. सगळ्यात जाड वायसर अगदी बाहेर, म्हणजे काढताना पहिला निघणारा, कागदावर डाव्या टोकाला असायला हवा होता तो. माझ्या रांगेत तो सगळ्यात आत गेला होता, म्हणून ड्रम बाहेर रेटला जाऊन क्लच अडकत होता.

आता मी जे लिहिणार आहे ते मला लिहायला आवडत नाही. मी लगेच बाहेर गेले नाही. आजोबा दुपारी अर्धा तास आडवे होतात. तेवढ्यात ते चार वायसर मी योग्य क्रमाने लावून ठेवू शकले असते. त्यांनी जोडली असती, गाडी चालली असती, मला कोणी काही विचारलं नसतं. मी खरोखर तसं ठरवलं. ते झोपल्यावर ओसरीत जाऊन खाली वाकलेसुद्धा. मग लक्षात आलं की गाडी सुरू झाली तरी ती का सुरू झाली हे त्यांना कळणार नाही. आधी काय चुकत होतं ते आठवत नाही आणि आता काय बरोबर केलं तेही आठवत नाही, असं होईल. त्यांची भीती दुप्पट होईल. मी वायसरांना हात न लावता उठले आणि चहा ठेवला.

चार वाजता ते उठले. मी कपबशी पुढे ठेवली आणि मॅन्युअलही.

"हे कशाला काढलं?"

"अहो, गाडी तुमच्यामुळे बिघडलेली नाही. माझ्यामुळे."

मी सांगितलं. हळदीकुंकू, तेल, नवा कागद, चार वायसर. भिंग त्यांच्या हातात देऊन चित्र दाखवलं. त्यांनी चित्र पाहिलं, मग उठून ओसरीत गेले, वायसर पाहिले, परत येऊन चित्र पाहिलं.

"पहिल्यांदा उघडली तेव्हाच? मी अंबडला गेल्तो तेव्हा?"

"हो."

"म्हणजे मी जोडायच्या आधी."

"हो."

"म्हणजे मी विसरलो न्हाई."

"नाही. तुम्ही काहीच विसरला नाहीत."

ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपल्या बायकोची चूक ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. "येडा न्हाई झालो म्हणजे!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी म्हणून राह्यलो आता दादासारखं झालं, आता दादासारखं झालं. आणि बाई इथं वायसराचा हजेरीपट लावून बसली!"

मग त्यांना राग आला. यायलाच हवा होता.

"एक महिना! एक महिना मला झोप न्हाई, आणि तू तिळगूळ वाटत होती?"

"मला माहीत नव्हतं हो."

"कागदाला हात लावायचा न्हाई, हे लग्नाच्या दिवसापासून सांगून राह्यलो. पोराला समजलं, मांजराला समजलं. एम.ए. झालेल्या बाईला समजलं न्हाई."

"चुकलं."

"काय?"

"चुकलं माझं. म्हटलं ना."

"पुन्हा एकदा म्हण. हे रोज ऐकायला मिळत न्हाई."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला आणि उठले. ओसरीच्या दारातून वळून म्हणाले, "येतेस का? वाच."

मी खुर्ची घेऊन गेले. एक वाक्य वाचायचं, मराठी सांगायचं, थांबायचं. त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे, हे मात्र खरं. वायसर त्या अरुंद जागेत सरकवताना दोनदा पडला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत, तूच सार." मी म्हटलं, मला येणार नाही. "लावता येतात तर बसवता येणार न्हाईत?" ते म्हणाले. मी पदर खोचून खाली बसले आणि चारही वायसर बसवले, चित्रात होते त्या क्रमाने. इतक्या वर्षांत गाडीच्या आत माझा हात गेला तो पहिल्यांदा. काळं तेल नखांत गेलं ते तीन दिवस निघालं नाही. उन्हं उतरायच्या आत झाकण बसलं. आजोबांनी किक मारली, क्लच दाबला, गियर टाकला. गाडी जागेवर उभी राहिली, धूर सोडत, हलली नाही. मग त्यांनी क्लच सोडला आणि फाटकातून बाहेर गेले. कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या.

रविवारी तो हॉटेलवाला आला. पांढरा शर्ट, गॉगल. त्याच्याबरोबर टेम्पोही होता. आजोबा म्हणाले, "बसा मागं, घेण्याआधी चालवून बघावी माणसानं." तो म्हणाला, "काका, मला चालवायची नाही, लावायची आहे." पण बसला. आजोबा त्याला अंबड रोडला बऱ्याच लांब नेऊन परत घेऊन आले. उतरला तेव्हा शर्टाच्या पाठीवर तेलाचे बारीक ठिपके होते आणि केस उभे होते.

"काका, फर्स्ट क्लास चालते की ही!"

"मंग? चालती वस्तू भिंतीला कशाला टांगायची?"

"पण तुम्हीच बोलावलंत."

"तेव्हा बायकोची चूक सापडायची होती," आजोबा म्हणाले. त्याला अर्थातच काही कळलं नाही. रिकाम्या टेम्पोकडे बघून त्याला वाईट वाटलं असावं, म्हणून आजोबांनी ताडपत्री उचलली आणि दुसऱ्या गाडीची फुटकी टाकी, गंजलेलं पुढचं चाक आणि हँडल त्याला काढून दिलं. "हे टांगा. हे मेलेलंच आहे." तो खूश होऊन गेला. परवा त्याने फोटो पाठवला. टाकी भिंतीवर चांगली दिसते.

डॉक्टरांची घेतलेली वेळ मी रद्द केली नाही. आजोबांनाही जावंसं वाटलं, हे मला बरं वाटलं. डॉक्टरांनी त्यांना वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. पाचही त्यांनी परतीच्या वाटेवर रिक्षात मला पुन्हा म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, स्मृती वयाच्या मानाने चांगली आहे. हाताचा कंप वयाचा आहे, वाढू शकतो किंवा असाच राहू शकतो, चहा कमी करा. चहा कमी झालेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, पुढच्या रविवारी त्यांना वाढदिवस विचारू नका. गाडीचं काही विचारायचं असेल तर विचारा, पण मग तासभर बसायची तयारी ठेवा.

मिस्त्रींना खरं काय झालं ते कळलं तेव्हा त्यांनी आजोबांना कपाळावर हात मारून दाखवला आणि मला म्हणाले, "बाई, गलती तुमची आणि नव्या प्लेटांचा खर्चा साहेबांचा!" आता ते दर पंधरा दिवसांनी येतात आणि ओसरीत बसतात. कागद कोणाच्या हातात आहे ते आधी बघतात.

आज आमच्याकडे जे आहे ते असं. गाडी चालू आहे आणि तिचा क्लच सुटतो. तुमचे आजोबा सगळ्यांची नावं, सगळ्या गावांचे रस्ते आणि गाडीतला प्रत्येक भाग कुठे बसतो हे जाणतात. बारीक वस्तू त्यांच्या हातून पडतात, त्या मी बसवते. मॅन्युअलची शाई उडत चालली आहे, पण तेवीस पानं अजून वाचता येतात.